हडकुळ्या माशाची बाजू

रात्री झोप लागत नसली की मी मोबाईलवर मासे बघत पडतो. पकडलेले नव्हेत, नुसते पोहणारे. माझी ही आवड मोबाईलच्या लगेच लक्षात आली आणि दर दोन दिवसांनी तो माझ्यापुढे सॅमन आणून टाकू लागला. गोष्ट दर वेळी तीच. समुद्रात धष्टपुष्ट झालेला मासा जन्माच्या नदीकडे निघतो, धबधब्यांवर उड्या घेतो, अस्वलांना चुकवतो, वीण उरकतो आणि मरतो. मागे व्हायोलिन. मग घोगऱ्या आवाजात 'त्याग' हा शब्द येतोच.

पहिल्या चार-पाच वेळा माझा गळा दाटून आला. पुढे कंटाळा आला आणि मग रागच आला, कारण मधल्या काळात मी ट्राउटबद्दल थोडं वाचलं होतं. ट्राउट म्हणजे सॅमनची चुलत भावंडं. तेच थंड पाणी, तेच गोटे, तसाच अंड्यांचा खटाटोप. पण तो आटोपल्यावर पुष्कळशा ट्राउट जिवंत राहतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा हजर होतात. त्यांच्यासाठी व्हायोलिन काढायचे कष्ट कोणी घेत नाही.

खरं तर बघण्यासारखा भाग मरण्याच्या बराच आधी असतो. सॅमन असो की ट्राउट, मादी आधी नदीचा तळ हिंडून बघते. गाळ तिला चालत नाही. बोराएवढे, लिंबाएवढे गोटे हवेत आणि त्यांच्या फटींतून पाणी खेळतं हवं, कारण पुढचे काही महिने अंडी श्वास घेणार ती त्याच पाण्यातून. जागा पसंत पडली की ती कुशीवर होते आणि शेपटी सपासप हाणते. बघणाऱ्याला वाटतं, ती शेपटीनं गोटे ढकलतेय. पण शेपटी झटक्यात वर गेली की पाणी वर ओढलं जातं, त्याबरोबर गोटे तळ सोडतात आणि प्रवाह त्यांना हातभर पुढे नेऊन टाकतो. गाळ फुकटात धुऊन निघतो. थोडे फटके मारून झाले की ती खळग्यात उतरते आणि पोटाखालचा मागचा पर गोट्यांत खुपसून बघते. हौदात पाणी किती उरलंय ते आपण काठी घालून बघतो ना, अगदी तसं. पटलं नाही तर पुन्हा कुशीवर. या कामात शेपटीची कड झिजून पांढरी पडते. त्या पांढऱ्या कडेवरून मादी लांबूनही ओळखू येते.

मग नर शेजारी येतो. दोघं तोंडं वासतात, थरथरतात आणि काही सेकंदांत सगळं आटोपतं. नराला उशीर परवडत नाही. नदीच्या पाण्यात पडल्यावर त्याच्या शुक्रजंतूंचा जोम जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. त्यातही मोठ्या नरानं मिजास करावी तर अटलांटिक सॅमनमध्ये समुद्राचं तोंडही न पाहिलेले वीतभर पोरगे नर गोट्यांआड दबा धरून असतात आणि ऐन वेळी मध्ये घुसून आपला वाटा उरकून जातात. ब्राउन ट्राउटच्या माद्या तर याहून बेरक्या. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2001 साली छापलं की या माद्या कित्येकदा तोंड वासून थरथरण्याचं नुसतं नाटक करतात. नर फसतो, त्याचं काम करून मोकळा होतो आणि हिची अंडी पोटातच. हे वाचलं त्या रात्री मी अंधारात एकटाच हसत होतो.

खरी अंडी पडली की मादी प्रवाहाच्या वरच्या अंगाला सरकून पुन्हा खणायला लागते. वरचे गोटे वाहत येऊन खालच्या अंड्यांवर पांघरूण घालतात आणि नवा खळगाही तयार होतो. एका कष्टात दोन कामं.

इथून पुढे वाटा फुटतात. प्रशांत महासागराकडचे चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक, चम हे सगळे सॅमन मरतात. नदीत शिरतानाच त्यांनी खाणं सोडलेलं असतं, आतडी आक्रसलेली असतात, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बेसुमार चढलेलं असतं आणि अंगाची प्रतिकारशक्ती पार ढासळते. पांढऱ्या बुरशीचे चट्टे मासा पोहत असतानाच उठतात. प्रवासानं थकून मेले म्हणावं, तर तेवढ्यानं भागत नाही. कोकनी म्हणजे समुद्रावर न जाता तळ्यातच वाढणारा सॉकाय. तोही विणीनंतर मरतो, साधारण चार वर्षांचा होऊन. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोकनींची जननग्रंथी आधीच काढून टाकली, तर त्यांतले काही आठ वर्षांपर्यंत जगले. म्हणजे मरण शरीराच्या वेळापत्रकातच लिहिलेलं, वयात येण्याला जोडलेलं. याला त्याग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यागाला नाही म्हणायची सोय तरी लागते.

एक मात्र कबूल करतो. मरणाऱ्या माद्या अंगात जीव असेपर्यंत आपल्या खळग्यावर पहारा देतात, दुसरी कोणी तिथं खणायला आली तर अंगावर जातात. ट्राउट गोटे सारखे करते आणि निघून जाते. तिला पुढचं वर्ष आहे.

गंमत रेनबो ट्राउटची. 1989 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला अटलांटिक सॅमनच्या कुळातून काढून प्रशांतवाल्यांच्या कुळात घातलं. त्या कुळाची रीत विणीनंतर मरायची, पण ही तिथं जाऊनही जगते. समुद्रावर जाऊन येणारी रेनबो, जिला स्टीलहेड म्हणतात, तीही पुन्हा वीण करू शकते, जरी दुसरी खेप सगळ्यांच्या नशिबी नसते.

आणि अटलांटिक सॅमन. विण्याआधी रुपेरी, भरलेला, गर्विष्ठ दिसणारा हा मासा. विणीनंतर जो उरतो त्याला केल्ट म्हणतात. डोकं अंगाच्या मानानं मोठं, पोट खपाटीला गेलेलं, पर फाटलेले. बरेच यातही मरतात. वाचलेल्यांत माद्या जास्त, कारण नरांनी अंगातली रग एकमेकांशी झुंजण्यात घालवलेली असते. काही केल्ट तसेच अर्धपोटी नदीच्या खोल डोहात हिवाळा काढतात आणि वसंतात प्रवाहाला अंग देऊन समुद्राकडे निघतात. तिथं पोचले तर खातात, भरतात, पुन्हा रुपेरी होतात.

परवा एका चित्रफितीत सगळं नेहमीचं चाललं होतं, उड्या, अस्वल, व्हायोलिन. शेवटी कॅमेरा काठावरच्या मेलेल्या माशांवर रेंगाळला होता आणि मागच्या पाण्यातून काहीतरी सडपातळ, मळकट असं खालच्या दिशेनं गेलं. मी तेवढाच तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. केल्ट होता की वाहून चाललेली काटकी, हे त्या अंधुक चित्रात कळलं नाही. पाचव्यांदा बघणार, तोवर मोबाईलनं पुढचं अस्वल लावलं होतं.