टोर्नाडो जवळून टिपला, पण दिसला किती?

टोर्नाडोच्या व्हिडिओत सगळ्यात धोक्याचं दृश्य दिसायला सगळ्यात शांत असतं. टोर्नाडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. त्याची लोंबती सोंड डावीकडे सरकत नाही, उजवीकडेही नाही. जागच्या जागी जाड होत जाते. बघणाऱ्याला वाटतं, थांबलाय. खरं तर तो सरळ कॅमेऱ्याकडे येत असतो. ओळखायचं कसं? विजेचा खांब, झाडाचं खोड असं काही स्थिर धरायचं आणि दहा-पंधरा सेकंद सोंड त्याच्या कुठल्या बाजूला सरकते ते बघायचं. सरकतच नसेल तर शूटिंग आवरायचं.

त्यात मोबाइलची लेन्स वाइड अँगल. तिच्यातून लांबच्या वस्तू आहेत त्याहून लहान आणि दूर भासतात. स्क्रीनकडे बघत उभा राहिलेला माणूस म्हणूनच अंतराला हमखास फसतो.

दुसरी फसवणूक सोंडेची. दिसते ती हवा नव्हे. आतला दाब कमी होतो, हवा थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि त्यांची सोंड दिसते. हवा कोरडी असेल तर सोंड अर्ध्यावरच संपलेली दिसते आणि खाली जमिनीवर धूळ, पत्रे गरगरत असतात. म्हणून नजर टोकाकडे नको, जमिनीकडे हवी. रात्री तर ढगाखाली निळे-हिरवे भपके दिसले की समजावं, विजेच्या तारा तुटताहेत, वारा जमिनीला टेकलाय.

(आपल्याकडच्या बातम्या याला सरसकट ‘चक्रीवादळ’ म्हणतात, ते खटकतं. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. वावटळही वेगळी, ती तापलेल्या जमिनीवरून, बहुधा निरभ्र आकाशाखाली उठते. टोर्नाडो गडगडाटी ढगाला जोडलेला असतो.)

31 मे 2013 ला अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनोजवळ या सगळ्या फसवणुकी एकदम जमून आल्या. टोर्नाडोची रुंदी वाढत वाढत 4.2 किलोमीटरवर गेली. अमेरिकेत नोंदलेला हा सर्वांत रुंद टोर्नाडो. एवढा रुंद झाला की सोंड म्हणून काही उरतच नाही. पावसाच्या पडद्याआड काळी भिंत दिसते, आणि ती भिंत कुठे संपते ते फ्रेममध्ये कळत नाही. मुख्य भोवऱ्याच्या आत छोटे भोवरे फिरत होते आणि गाडीवर बसवलेल्या रडारने तिथे ताशी 470 किलोमीटरच्या वरचा वारा मोजला. तरी टोर्नाडोच्या 0 ते 5 या ईएफ मापात अधिकृत श्रेणी ईएफ-3, कारण श्रेणी पडझडीवरून ठरते आणि वाटेत बहुतेक मोकळं रान होतं.

चित्रण किंवा मोजणीसाठी वादळांचा पाठलाग करणारे सहसा टोर्नाडोच्या आग्नेयेला, पावसाबाहेर थांबतात आणि दक्षिणेकडे पळायचा रस्ता मोकळा ठेवतात. कारण तिथली वादळं बहुधा ईशान्येला सरकतात. एल रेनोचा टोर्नाडो आधी आग्नेयेकडे निघाला, मग डावीकडे वळला, आणि त्याच सुमारास त्याची रुंदी आणि वेगही वाढला. नेहमीची सुरक्षित जागाच त्याच्या वाटेत आली. टोर्नाडोचे अभ्यासक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांची गाडी त्यात सापडली आणि तिघेही गेले. समारास काही हौशी नव्हते. 2003 मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरला त्यांनी वाटेत ठेवलेल्या यंत्राने हवेच्या दाबात 100 मिलीबारची घट नोंदवली होती.

एका जुन्या व्हिडिओने मात्र लोकांना चुकीचंच शिकवलं. 26 एप्रिल 1991, कॅन्सस टर्नपाइक हा महामार्ग. टीव्हीचे लोक आणि काही प्रवासी पुलाखाली, गर्डरच्या बेचक्यात दडले आणि वाचले. तो टोर्नाडो जोरदार नव्हता आणि पुलावरून थेट गेलाही नाही, हे व्हिडिओत कळत नाही. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन जणांचा जीव गेला. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो, उतारावर वर चढलेला माणूस जास्त वाऱ्यात जातो आणि उडत आलेलं लाकूड, पत्रा अडवायला तिथे काही नसतं.

जवळच्या चित्रणाचा खरा उपयोग मोजणीला. टोर्नाडोचे संशोधक तेत्सुया फुजिता यांनी 1957 च्या, अमेरिकेतल्या फार्गो शहराच्या टोर्नाडोचा अभ्यास लोकांनी काढलेले फोटो गोळा करूनच केला. साधा हिशोब बघा: व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा, आणि 6 मीटर लांबीच्या पिकअपच्या अगदी जवळून उडालेला पत्रा तिची लांबी दोन फ्रेममध्ये ओलांडतो. म्हणजे सेकंदाला 90 मीटर, ताशी 324 किलोमीटर. हा आकडाही कमीतकमी धरायचा. कॅमेऱ्याकडे येणारी किंवा लांब जाणारी गती यात दिसत नाही, आणि पत्रा वाऱ्याच्या मागेच राहतो.

टेक्सासमधल्या डॅलसकडे आपले लोक बरेच आहेत आणि तिथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं. टोर्नाडोच्या इशाऱ्याचे भोंगे मुळात घराबाहेरच्यांसाठी. घरात मोबाइलचा इशारा चालू ठेवा. तो वाजला की अंगणात कॅमेरा घेऊन जायचं नाही. तळमजल्यावरची, खिडकी नसलेली, घराच्या मध्यातली बाथरूम किंवा कपाटाची खोली गाठायची. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, सायकलचं असलं तरी चालेल. आणि दाब सारखा करायला म्हणून खिडक्या उघडत बसू नका. आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो.