समेवर आलेली रेघ

आमच्या दुकानाचे खरे कामाचे महिने पावसाळ्यातले. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की तांडेल मंडळी बोटीवरचे चार्जर, वायरलेस संच, मासे दाखवणारी यंत्रं पोत्यात गुंडाळून मालवणला आमच्याकडे आणून ठेवतात. ती उरकेपर्यंत चवथ जवळ येते आणि भजनी मंडळांच्या ॲम्प्लिफायरची रांग लागते. बाबांनी हे सगळं एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि स्वतःचा कान एवढ्यावर निभावलं. मी आयटीआय केलं तेव्हा लॅबमध्ये सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर रेघेने दाखवणारा कॅथोड रे ऑसिलोस्कोप होता, पण तो सर लावून द्यायचे आणि आम्ही पडद्यावरची लाट वहीत उतरवून घ्यायचो. त्याचं एकही बटण मी स्वतः फिरवलेलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला एका भंगारवाल्याकडे जुना ॲनालॉग सीआरओ दिसला. २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा म्हणजे एका वेळी दोन लाटा दाखवणारा, सोबत दोन प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायच्या टोकदार वायरी. अडीच हजारांत दिला. गगनबावड्यावरून येणाऱ्या एसटीत वाकळेत गुंडाळून तो पूर्ण करूळ घाट मी मांडीवर धरून आणला. आमच्या हवेत कुठलंही जुनं यंत्र आणल्याआणल्या चालू करू नये, म्हणून दोन दिवस कपाटात ४० वॉटचा बल्ब लावून त्याच्या शेजारी ठेवला. मगच प्लग लावला.

लाल दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला.

पहिल्यांदा मी इंटेन्सिटी पूर्ण वाढवली. तरी काही नाही. पिक्चर ट्यूब गेली असं समजून झाकण उघडणार होते, पण आत दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते काही वेळ साठून राहतात, हे बाबांनी टीव्हीच्या काळापासून मनावर बिंबवलेलं. म्हणून हात आवरला आणि समोरच्या पट्टीवरचं एकेक बटण वाचत बसले. दोन्ही चॅनेलची पोझिशनची बटणं एका टोकाला गेलेली होती, म्हणजे रेघ असलीच तर पडद्याच्या बाहेर. ती मधोमध आणली. आडव्या पोझिशनचंही तेच केलं. इनपुटचा खटका ग्राउंडवर टाकला. तरी काळंच. शेवटी रेघ कधी निघायची ते ठरवणाऱ्या ट्रिगरच्या खान्यात बघितलं तर खटका ‘नॉर्म’वर होता. तो ‘ऑटो’वर सरकवला आणि हिरवी रेघ लख्ख उमटली. इतकी लख्ख, की आधी वाढवलेली इंटेन्सिटी घाईघाईने कमी करावी लागली. एकाच जागी प्रखर उजेड राहिला तर पडद्याचा लेप जळतो, आणि जळलेली जागा परत येत नाही.

रेघ जराशी तिरपी होती, उजवीकडे चढलेली. पृथ्वीच्या चुंबकत्वानेही इलेक्ट्रॉनांचा झोत किंचित वळतो. त्यासाठी ‘ट्रेस रोटेशन’ नावाचं एक भोक असतं, त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून रेघ पडद्यावरच्या छापील रेषेवर आडवी बसवायची. मग फोकस. केसासारखी बारीक रेघ झाली तेव्हा बाबाही खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

आता हे यंत्र मुळात काय करतं ते बाबांना सांगताना मलाच नीट उमगलं. आत एक ठिपका आहे. तो डावीकडून उजवीकडे ठरावीक वेगाने धावतो आणि परत डावीकडे उडी मारतो. आपण दिलेला व्होल्टेज त्या धावत्या ठिपक्याला वर-खाली ढकलतो. पडद्यावर आडवी १० आणि उभी ८ घरं आखलेली असतात, प्रत्येक घर एक सेंटिमीटरचं. ‘टाइम/डिव्ह’ म्हणजे ठिपक्याने एक घर किती वेळात ओलांडायचं आणि ‘व्होल्ट्स/डिव्ह’ म्हणजे किती व्होल्टला एक घर वर जायचं. १८९७ साली जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी पहिली अशी नळी केली, तेव्हापासून ठिपका तोच आहे.

सीआरओच्या पट्टीवरच एक छोटी खुंटी असते, ‘कॅल’ लिहिलेली. तिच्यावर यंत्र स्वतःच चौकोनी लाट देतं. माझ्या यंत्रात १ किलोहर्ट्झ, २ व्होल्ट. प्रोबचा आकडा तिथे अडकवला. प्रोबवरचा खटका एकपटीवर, व्होल्ट्स/डिव्ह ०.५ वर, टाइम/डिव्ह ०.५ मिलिसेकंदावर. हिशेबाने चार घरं उंच आणि दोन घरं रुंद अशी लाट यायला हवी. रुंदी बरोबर आली, उंची भरली तीन घरांच्या थोडी वर. मी तर कॅलच बिघडलंय असं धरून चालले होते. कारण निघालं व्होल्ट्स/डिव्हच्या पोटातलं छोटं बटण. हे ‘व्हेरिएबल’ उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून टक् असं बसलं तरच बाहेरच्या आकड्यांना अर्थ आहे. ते सुटलेलं असेल तर लाट दिसते सुरेख, पण मोजमाप सगळं खोटं. आता मी रोज सकाळी यंत्र चालू केलं की दोन्ही चॅनेलची आणि टाइम/डिव्हचं, अशी तिन्ही व्हेरिएबल बोटाने दाबून बघते.

मग प्रोब दहापटीवर टाकला. त्यावर प्रोबच्या आत ९ मेगाओहमचा रेझिस्टर येतो, यंत्राचा स्वतःचा १ मेगाओहम, म्हणजे सिग्नलचा दहावा हिस्सा आत जातो आणि सर्किटवर भार कमी पडतो. आकड्याला दहाने आपण गुणायचं, ॲनालॉग यंत्र ते स्वतःहून करत नाही. पण दहापटीवर टाकताच चौकोनी लाटेचे कोपरे घासल्यासारखे गोल दिसायला लागले. प्रोबच्या बुडाशी एक पिटुकला ट्रिमर असतो, तो फिरवून हे सुधारायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की लाट आणखी बिघडायची, दूर केला की पुन्हा बदलायची. शेवटी बाबांनी बांबूची एक कामटी चाकूने तासून चपटी केली. ती ट्रिमरच्या खाचेत घालून पाव वळसा दिला, कोपरे भरले. आणखी जरा पुढे गेलं की कोपऱ्यावर शिंगं फुटायची. मागे-पुढे करत एका जागी माथा सपाट, कोपरा काटकोनात. ती कामटी आता त्या प्रोबलाच रबराने बांधून ठेवली आहे. दुसऱ्या चॅनेलला लावला की तोच प्रोब पुन्हा जुळवावा लागतो.

इथवर दोन दिवस गेले. खरं अडले मी ट्रिगरपाशी.

९ व्होल्टचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची बाहेरची बाजू पाहत होते. मीटर ९.६ दाखवत होता. पडद्यावर टोकापासून टोकापर्यंत सुमारे २७ व्होल्ट, कारण मीटरचा आकडा गुणिले १.४१ म्हणजे एक शिखर, आणि तेवढीच खाली दरी. हे ठीक. पण लाट काही एका जागी उभी राहीना. ती पडद्यावरून वाहत सुटली होती, टाइम/डिव्ह बदललं तर उलटीच वाहू लागायची.

बाबा भजनात पखवाज वाजवतात. ते म्हणाले, “ता समेर येना नाय. परत्येक येळाक खयसूनय सुरू होता.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण ट्रिगर म्हणजे नेमकं तेच. ठिपक्याने प्रत्येक फेरीला लाटेच्या त्याच जागेवरून निघायला हवं. मग प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर तंतोतंत पडतं आणि डोळ्यांना ते उभं दिसतं. कुठून निघायचं ते ‘लेव्हल’ सांगतं, म्हणजे किती व्होल्टला. चढताना की उतरताना, ते ‘स्लोप’ सांगतं. आणि कोणाकडे बघून निघायचं, ते ‘सोर्स’. माझा प्रोब दुसऱ्या चॅनेलला होता आणि सोर्स पहिल्या चॅनेलवर. पखवाजवाला भलत्याच बुवांकडे बघून ठेका धरत होता. सोर्स बदलला, लेव्हल मध्यावर आणली, आणि लाट जागच्या जागी थांबली.

‘ऑटो’ आणि ‘नॉर्म’चंही मग कळलं. ऑटोमध्ये सम मिळाली नाही तरी ठिपका धावतच राहतो, म्हणून रिकामी रेघ दिसते. नॉर्ममध्ये सम मिळेपर्यंत तो निघतच नाही, म्हणून पहिल्या दिवशी पडदा काळा. पूर्वीच्या सीआरओंना ही सोय नव्हती. ठिपक्याचा वेग लाटेच्या वेगाशी हाताने जुळवत बसावं लागे. १९४७ साली टेक्ट्रॉनिक्सने ५११ हे यंत्र काढलं, आणि ट्रिगरवर निघणारा ठिपका कामाच्या टेबलावर रुळू लागला. मला विचाराल तर सीआरओ शिकवताना सुरुवातच ट्रिगरपासून करावी. बाकीची बटणं मोजमापाची आहेत, त्यात चुकलं तर आकडा चुकतो. ट्रिगर चुकला तर नीट काहीच दिसत नाही.

एक गोष्ट इथे ठासून सांगते. प्रोबची जी मगरपकड असते ती आतून यंत्राच्या बॉडीला आणि प्लगच्या अर्थ पिनेला जोडलेली असते. ती घरच्या लाइनीच्या कुठल्याही तारेला किंवा ट्रान्सफॉर्मर नसलेल्या चार्जरच्या लाइनीकडच्या बाजूला लावायची नाही. मोठा जाळ होतो, आणि हात तिथेच असतो. काहीजण यावर उपाय म्हणून सीआरओची अर्थ पिन कापतात. तसं केलं की पूर्ण बॉडीच जिवंत होऊ शकते. कृपा करून कापू नका. आमच्या दुकानाचं अर्थिंगच मुळात कमजोर होतं. जांभ्यात खड्डा उथळच खणलेला. सीआरओ लावायच्या आधी तो खोल करून, मीठ-कोळसा भरून, पट्टी नवी टाकून घेतली. खर्च सीआरओपेक्षा जास्त झाला.

चवथीला दहा दिवस असताना वरच्या वाडीतल्या भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आला. बुवा स्वतः घेऊन आले होते. “चवथीक धा दिस रवले गो बाय. होतला मां?” तक्रार एकच, घुं असा आवाज, आणि व्हॉल्यूम वाढवला की तोही वाढायचा. नेहमीप्रमाणे आधी सप्लायचे दोन्ही मोठे कपॅसिटर बदलले, ४७०० मायक्रोफॅरडचे. घुं तशीच. मीटरने बघितलं तर शून्याच्या दोन्ही बाजूंना ४२-४२ व्होल्ट, काहीच खोट नाही.

मग सीआरओ. स्पीकरच्या जागी प्रोब लावला, ट्रिगरचा सोर्स ‘लाइन’वर टाकला. या सेटिंगमध्ये ठिपका घरच्या ५० हर्ट्झच्या विजेकडे बघून निघतो. घुं जागच्या जागी उभी राहिली. माइकमधून येणारी बारीक खरखर मात्र तिच्यावरून वाहत होती. म्हणजे ही घुं लाइनीतूनच जन्मलेली.

आता सप्लाय. दोन्ही बाजूंना १०० ओहमचे जाड वायरवाउंड रेझिस्टर लावून भार दिला. पहिला चॅनेल अधिक ४२ वर, दुसरा उणे ४२ वर, दोन्ही पकडी एकाच शून्य बिंदूवर. डीसीवर ठेवलं तर रेघ चार घरं वर जाऊन सरळ दिसत होती, त्यावरची थरथर समजत नव्हती. खटका एसीवर टाकला. तिथे मध्ये एक कपॅसिटर येतो आणि स्थिर ४२ व्होल्ट बाहेरच अडतात, फक्त हलणारा भाग आत येतो. मग व्होल्ट्स/डिव्ह ५० मिलिव्होल्टपर्यंत खाली आणता आलं, दहापट प्रोबमुळे एक घर म्हणजे अर्धा व्होल्ट. टाइम/डिव्ह ५ मिलिसेकंद. इतक्या संथ वेगाला दोन रेघा ‘आल्ट’वर आळीपाळीने लुकलुकतात, म्हणून ‘चॉप’, त्यात ठिपका दोन्ही रेघांत झपाट्याने उड्या मारत त्या एकत्रच काढतो.

खालच्या रेघेवर दर दोन घरांनी एक दात. दोन घरं म्हणजे १० मिलिसेकंद, म्हणजे १०० हर्ट्झ. ब्रिज रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारी चार डायोडांची जोडणी, तिच्यानंतर असंच हवं. उंची दीड घरालाही थोडी कमी. वरच्या रेघेवर मात्र दर चार घरांनी दात, आणि तो सव्वातीन घरं उंच. २० मिलिसेकंद, ५० हर्ट्झ. वरच्या बाजूला लाटेचा एक अर्धा भाग पोहोचतच नव्हता. म्हणजे चारांपैकी एक डायोड काम करत नव्हता, आणि कुठल्या दोघांतला तेही उघड होतं. भार नसताना उरलेला एकटा डायोड कपॅसिटर भरून टाकायचा, म्हणून मीटर फसत होता.

बोर्ड उलटा केला. डायोडच्या पायाभोवती टाक्याला कंकणासारखी बारीक भेग आणि तिच्यात हिरवट बुरशीसारखं तांब्याचं किटण. आमच्या खाऱ्या हवेची करणी. डायोड चांगला होता. पाय खरवडून, जुना टाका ओढून घेऊन नवा दिला. सीआरओ तसाच चालू ठेवला होता. वीज सोडली तेव्हा वरच्या रेघेचे दात खालच्यासारखेच झाले, दोन-दोन घरांवर. बाबांनी स्पीकरला कान लावला आणि काही न बोलता मान हलवली.

बुवा ॲम्प्लिफायर न्यायला आले ते चवथीच्या आदल्या शनिवारी. माइक जोडून वाजवून दाखवायचा होता म्हणून बाबांनी घरातून पखवाज आणला, डाव्या पुडीला कणीक लावली. मी ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला प्रोब लावला, सोर्स पहिला चॅनेल, खटका मुद्दाम नॉर्मवर, लेव्हल थोडी वर. पडदा काळा. बाबांनी ‘धा’ मारला, तशी एक हिरवी लाट डाव्या काठावरून उठून थरथरत विझली. पुन्हा काळं. पुन्हा थाप, पुन्हा त्याच जागेवरून. बुवा चष्मा पुसून पडद्याच्या अगदी जवळ आले आणि बाबांना म्हणाले, “आता जरा हळू मार बघया.” हळू थापेला पडदा काळाच राहिला. मी लेव्हल किंचित खाली आणली.