इलेक्ट्रॉनचं कडं: वीस अँपिअर जमले, वस्तुमान अडलं

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान निव्वळ त्याच्या विद्युत-चुंबकीय क्षेत्रातूनच भरतं का, ते मी हिशेबानं तपासतोय. मागच्या खेपेला म्हटलं होतं, इलेक्ट्रॉनला भारित गोळा मानणं आता बाजूला ठेवतो आन् पार्सन नावाच्या शास्त्रज्ञानं सुचवलेलं कडं हाती घेतो. दिवाळीनंतर हरभऱ्याच्या ओलिताचा सिझन लागला की माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागते, म्हणून हे काम रात्रीच. आमच्या फिडरला थ्री-फेज रात्री येते, त्यामुळे जागरण तसंही असतंच.

गोळा का सोडला ते थोडक्यात. भारित गोळा हलवला की त्याच्या क्षेत्रामुळे त्याला जास्तीची जडता येते, हे भौतिकशास्त्रज्ञ थॉमसननं १८८१ मध्ये दाखवलं. पुढे अब्राहम आणि लोरेंट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनचं सगळंच वस्तुमान क्षेत्राचं असावं, असं धरून गणित मांडलं. पण क्षेत्राच्या ऊर्जेतून एक वस्तुमान निघतं आणि क्षेत्राच्या संवेगातून (हलण्याच्या जोरातून) त्याच्या ४/३ पट, म्हणजे दोन्ही जुळत नाहीत. शिवाय गोळा स्वतःच्याच प्रतिकर्षणानं फुटायला पाहिजे. तो धरून ठेवायला फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेला १९०५ मध्ये विजेचा नसलेला एक वेगळा दाब आणावा लागला.

पार्सननं १९१५ मध्ये वेगळी वाट घेतली. प्रभार कड्यावर सारखा पसरलेला आणि प्रकाशाच्या वेगाच्या आसपास फिरणारा. एकच ठिपका फिरला तर तो ऊर्जा फेकत राहतो, पण सलग कड्यातला प्रवाह स्थिर असतो, म्हणून किरणोत्सर्ग नाही. मला या कल्पनेतलं हेच सगळ्यात आवडतं.

त्रिज्या मात्र मी माझी घेतली. वेग बरोबर प्रकाशाचा धरला आणि कड्याचं चुंबकीय आघूर्ण (चुंबक म्हणून त्याची ताकद) एक बोर मॅग्नेटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व मोजायचं एक एकक, यायला पाहिजे, अशी अट घातली. त्रिज्या निघाली ३८६ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख-कोटावा भाग), म्हणजे कॉम्प्टन तरंगलांबी (इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावरून ठरणारी एक लांबी) भागिले २π. ती कुठूनही घुसवली नव्हती, आपोआप आली. मग प्रवाह काढला: १९.८ अँपिअर! दोनदा तपासला. एका इलेक्ट्रॉनच्या कड्यात साडेसात एचपीच्या मोटरीपेक्षा जास्त प्रवाह, आणि केंद्रात तीन कोटी टेस्लाच्या वर क्षेत्र.

तेवढा प्रवाह डोळ्यांनी पाहायचाच होता. १४ गेजच्या तारेचं २० सेंटीमीटर व्यासाचं एक वेढ्याचं कडं केलं, उत्तर-दक्षिण उभं धरलं, मधोमध होकायंत्र. ट्रॅक्टरची बॅटरी आणि लोड म्हणून ५५ वॅटचे चार हेडलाइट बल्ब समांतर. डीसी क्लँप मीटरवर १९ अँपिअर. हिशेबानं सुई ७१ अंश वळायला हवी होती, वळली ६१. दोन रात्री यात गेल्या. शेवटी लक्षात आलं की बॅटरीकडून येणाऱ्या दोन तारा हातभर अंतरानं पसरल्या होत्या, त्यांचंही क्षेत्र होकायंत्रावर पडत होतं. त्या एकमेकींत पिळल्या आणि सुई ७० वर येऊन थांबली. मोटर न्यायला आलेले एक काका ते पाहून म्हणाले, “काऊन फिरली हो सुई, भाऊ? लोहचुंबक तं नाही तिथं.” मग त्यांना तार सोडून, लावून तीनदा दाखवलं. मोटर दुसऱ्या दिवशी नेली त्यांनी.

आता अडलंय ते. कड्याच्या क्षेत्रातली सगळी ऊर्जा मोजली, विद्युत आणि चुंबकीय दोन्ही. तारेची जाडी कड्याच्या त्रिज्येच्या दहाव्या हिश्श्याएवढी धरली तर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम पाऊण टक्का भरतो. जाडी कमी केली की ऊर्जा वाढते, पण लॉगॅरिदमनं, फार हळू. पूर्ण वस्तुमान भरायला तार किती बारीक लागते? मीटरमध्ये लिहिली तर दशांश चिन्हापुढे जवळपास दोनशे शून्यं. अशा तारेला मी तार म्हणू शकत नाही. याच्या मागे १/१३७ हा विजेच्या जोराचा निसर्गातला ठरलेला आकडा आहे. या त्रिज्येवर विजेची ऊर्जा मुळातच एकूण ऊर्जेच्या मानानं तेवढी लहान पडते, आणि माझ्या मते कड्याचा आकार बदलून ही खोट भरणार नाही.

फुटण्याचा प्रश्नही सुटत नाही. प्रवाहाचा वेढा स्वतःला बाहेर ताणतो, हे रिवाइंडिंगवाल्याला सांगावं लागत नाही. मोठी मोटर सुरू होताना कॉइलची डोकी हिसका खातात, म्हणून आपण ती दोऱ्यानं आवळून वार्निशमध्ये बुडवतो. कड्यातल्या समान प्रभाराचं प्रतिकर्षणही बाहेरच ढकलतं. म्हणजे प्वांकारेचं वार्निश इथेही लागतंच.

आणखी दोन गोष्टी लपवत नाही. सगळं वस्तुमान त्याच त्रिज्येवर फिरतं धरलं तर कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) खऱ्या इलेक्ट्रॉनच्या दुप्पट येतो. आणि टकरीच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनला फेम्टोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतही आकार दिसलेला नाही. ३८६ फेम्टोमीटरचं घन कडं तिथे टिकत नाही. क्वांटम सिद्धांत चूक ठरवायला मी बसलेलो नाही. क्षेत्र स्वतःच्या बळावर कुठवर जातं ते मला हातानं मोजून पाहायचंय.

पुढचं काम भौतिकशास्त्रज्ञ शॉटचं १९३३ चं कवच. प्रभार एका पोकळ गोळ्यावर सारखा पसरलेला, गोळा स्वतःभोवती न फिरता लहान कक्षेत डुलतो, आणि त्याचा व्यास एका फेरीत प्रकाश जेवढं जातो त्याच्या पूर्ण पटीत असला तर किरणोत्सर्ग शून्य होतो. वही उघडलीय, पहिलं समाकलन अर्धं झालंय. कोणी हे आधी केलं असेल तर कवचाच्या वेगवेगळ्या भागांकडून प्रकाश यायला लागणारा उशीर कसा मांडला, तेवढं सांगा.