तुम्ही विचारलंत म्हणून: एम्ब्रॉयडरीची मशीन कोणती घेऊ?

"मले फक्त नाव सांगा ना वो ताई, कोणती घेऊ?" बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, आर्णीच्या बाजारात भाजी घेताना, जिला तिला नाव पाहिजे. मी सांगत नाही म्हणून मागे बोलणंही होतं, की धंद्यात वाटेकरी नको म्हणून लपवते. हे फार लागतं मनाला. म्हणून एकदाचं लिहून काढते.

लपवण्यासारखं नाव माझ्याकडे नाहीच. तुमच्या गावाला जवळचा असा मशीन दुरुस्त करणारा माणूस कुठे आहे, तो फोन उचलतो का, सुटा भाग किती दिवसांत आणून देतो, एवढं आधी काढा. ज्या कंपनीचा असा माणूस तुमच्या आवाक्यात सापडेल, तिची मशीन घ्या. हे माझं उत्तर आहे, आणि ते ऐकून सगळ्यांची तोंडं उतरतात.

माझंही उतरलं असतं. घेण्याआधी मी कॉम्प्युटर मशीनमध्ये आधीच भरून आलेली डिझाइन मोजत बसले होते, हिच्यात इतकी, तिच्यात तितकी. मशीनमधली ती फुलं-पानं गिऱ्हाईक मागतच नाही. ते मोबाईलवर फोटो दाखवतं आणि म्हणतं, अस्साच मोर पाहिजे. मग डिझाइन बाहेरून विकत घ्या, पेनड्राइव्हनं मशीनमध्ये टाका. त्यातही ब्रदरची मशीन पीईएस फाइल मागते, जानोमेची जेईएफ. कारखान्यातल्या मशीनची डीएसटी फाइल पुष्कळ घरगुती मशीनवर चालते, पण तिच्यात रंगांची माहिती नसते. कोणता दोरा कधी लावायचा ते आपण ठरवायचं.

फ्रेमचं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीचं, मात्र नीट ऐका. सुरुवातीच्या लहान मशीनला १० बाय १० सेंटिमीटरची फ्रेम असते. बुट्टी, नाव, झबल्यावरचं फूल तिच्यात होतं. ब्लाउजचा मागचा गळा होत नाही. कापड सोडायचं, सरकवायचं, खुणा जुळवून पुन्हा कसायचं, आणि जरासं हललं तरी वेलीचा जोड उघडा पडतो. आपल्याकडे पैसा गळ्यात आणि बाहीत आहे. म्हणून मी १३ बाय १८ च्या खाली जाऊ नका म्हणते, झेपलं तर २० बाय २८.

आता जे मी कुणाला पुरतं सांगितलेलं नाही ते. उन्हाळ्याची लग्नसराई होती. आमच्याच गल्लीतल्या मुलीच्या शालूवरचा ब्लाउज माझ्याकडे होता. एक बाही झालेली, दुसरीवरचा वेल अर्ध्यात. त्या दुपारी लाइन सारखी येत-जात होती. पंखा एकाएकी जोरात फिरला, मग मंदावला, आणि मशीन थांबली. स्क्रीन काळी. लाइन परत आली तरी मशीन उठली नाही. स्पाइक गार्ड लावलेला होता, हे मुद्दाम सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच करतात.

सुई कापडात रुतून बसली होती. बाजूचं चाक हातानं फिरवून ती वर घेतली, फ्रेम सोडवली, खालून बॉबीनचा दोरा कापला. विकणाऱ्याला फोन लावला. घेताना तो म्हणाला होता, सर्व्हिसला आमचा माणूस घरी येतो. आता म्हणाला, नागपूरला आणा. मशीन चादरीत गुंडाळून खोक्यात बसवली आणि एसटीनं यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत, खोकं पायांत धरून नेली. काउंटरवरच्या मुलानं झाकण काढून आत पाहिलं. "मॅडम, बोर्ड गेला. व्होल्टेजचं वॉरंटीत बसत नाही." नवा बोर्ड कधी येईल? सांगता येत नाही. मशीन तिथेच ठेवून परत आले. लग्न तोंडावर.

ती बाही यवतमाळच्या एका कारागिराकडून अंब्रेला मशीनवर, म्हणजे जिच्यावर कापड हातानं फिरवत भरतात तिच्यावर, पूर्ण करून घेतली. हात चांगला होता त्याचा. पण तो टाका वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा. एका बाहीवरचा वेल सपाट, दुसरीवर मधूनच भरीव. मुलीची आई दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरून पाहत राहिली, बोलली काहीच नाही. मुलीनं तोच ब्लाउज घातला, वरून शेला ओढून. मी शिलाई घेतली नाही. धाकटीच्या लग्नाचे ब्लाउज दुसरीकडे गेले.

यात माझं काय चुकलं? माझ्या मते काही नाही. तरी त्या घरावरून जाताना मी अजून झपाझप चालते.

म्हणून मी आधी दुरुस्तीवाल्याचं विचारते. आणि प्युअर साइन वेव्हचा यूपीएस, म्हणजे लाइन गेली तरी बॅटरीवर तशीच सुरळीत वीज देणारा डबा, मशीनच्या किमतीतच धरा, नंतर घेऊ म्हणू नका. लाइन गेल्यावर काही मशीन थांबल्या टाक्यापासून पुढे चालू होतात, फ्रेम हलवली नसेल तर. दुकानात चालू मशीनचा प्लग त्यांनाच काढायला लावा आणि काय होतं ते पाहा. ज्यांना हे आवडणार नाही, त्यांच्याकडून घेऊ नका.

कारागिरांसाठीच्या सरकारी पीएम विश्वकर्मा योजनेचं विचारता. शिंपीकामाच्या अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, त्यात चांगली शिलाई मशीन येईल, ही नाही. बटण दाबून वावरात जाता येईल का हेही विचारता, तर नाही. सुई एकच, दर रंगाला दोरा बदलायला तुम्हीच लागता. शिलाई आणि एम्ब्रॉयडरी एकातच असलेली मशीन मी घेणार नाही. वेल भरत असेल तोवर शिलाई बंद.

मोठी फ्रेम घ्या म्हणते खरी, पण लहान मशीनवर सुरुवात करणारी तेव्हाची मी लगेच आडवी येते. लहान मशीन नसती तर तुझी सुरुवात झाली असती का? मोठीला कर्ज कोण देणार होतं? बुट्ट्या भरूनच माझा हात बसला, हे खोटं नाही. शिलाईचं गिऱ्हाईक आधीपासून असेल तर मोठी घ्या, एवढं मी ठामपणे सांगते. नसेल तर काय, यावर मी दोन जणींना दोन वेगळी उत्तरं दिली आहेत, आणि दोघींचंही ठीक चाललंय.

दुकानात जाताना आपलं कापड न्या, सुती आणि जॉर्जेट दोन्ही. त्यांच्या जाड नमुना-कापडावर कोणतीही मशीन छानच काढते. जॉर्जेटवर चुण्या पडल्या तर कापडाखाली आधाराला लावतात तो पेपर बदलून पुन्हा काढायला लावा, आणि होईपर्यंत तिथून उठू नका.