आमची वाटचाल: पुठ्ठ्यात रक्त वाहायचं ते दिवस

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. लूमच्या मोटारी जळायच्या, आम्ही भरून द्यायचो. डिप्लोमा झाल्यावर त्याच शेडच्या कोपऱ्यात मी कंट्रोल कार्ड दुरुस्तीचं टेबल टाकलं. लेझर तिथं आला तो एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सरांमुळे. कातडीतला रक्तप्रवाह पोरांना दाखवायचा होता, आणि बाहेरून येणारं यंत्र त्यांच्या बजेटात बसत नव्हतं. म्हणून तसा सेट आम्हीच जुळवायला घेतला.

काही मिलिवॅटचा लेझर हातावर पसरवला की रव्यासारखे दाणे चमकतात. त्यांना स्पेकल म्हणतात. मला वाटलं लेझरचा डायोडच खराब. एक परतही पाठवला! खरं तर काम करतात ते दाणेच. कातडीतल्या तांबड्या पेशी हलतात, तसे दाणे बदलतात. कॅमेरा १० मिलिसेकंद उघडा ठेवला, तर रक्त जोरात असेल तिथं ते पुसट होतात, मंद असेल तिथं ठसठशीत राहतात. ७ बाय ७ पिक्सेलच्या चौकटीत हा फरक मोजून रंग भरायचा: प्रवाह जोरात तिथं लाल, थांबलेला तिथं निळा. फर्चर आणि ब्रायर्स या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली ही युक्ती. सुई नाही, स्पर्श नाही. मात्र दिसतं ते वरच्या मिलिमीटरभरातलंच.

आमचा पहिला सेट हात छान दाखवायचा. शून्य तपासायला पुठ्ठा ठेवला, तर पुठ्ठ्यातही रक्त वाहत होतं. प्रोग्राम तीनदा लिहिला, कॅमेरा बदलला, दीड महिना गेला. एका दुपारी लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, लेझर त्याच्याच यूएसबीवर. पडद्यावरचा पुठ्ठा एकदम निळा, मेलेला. आणि तेव्हा कानाला जाणवलं की शेजारचे माग थांबलेत. त्यांच्या हादऱ्यानं पुठ्ठा हलायचा, तेच आम्हाला रक्त दिसायचं. ज्या खडखडाटावर घर चाललं, तोच ऐकू यायचा बंद झाला होता आम्हाला.

मग जाड शहाबादी फरशी, तिच्याखाली अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबा. हात तरी थरथरायचाच. त्यावर उपाय आईनं काढला: तान्ह्या बाळाच्या डोक्याखालची मोहरीची उशी. हात तिच्यात रुतून बसतो. दंडाला बीपीचा पट्टा आवळला की पडद्यावरचा तळवा निळा पडतो. सोडला की लाल लाट बोटांपर्यंत धावते. पोरं हे पाच-पाच वेळा बघतात.

एका विक्रेत्यानं खोक्यावर ‘मधुमेही पाय तपासणी’ छापा म्हटलं. ऑर्डर मोठी होती, मोह झाला. पण आकडे आमचे सापेक्ष, म्हणजे कुठं कमी कुठं जास्त एवढंच सांगणारे, आणि परवाना फक्त दुकानाचा. निदानाचं यंत्र म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत आलं. ‘शिक्षणासाठी’ एवढंच छापतो. ७८५ नॅनोमीटरचा लेझर तर कॉलेजांनाही सरांशी बोलल्याशिवाय देत नाही; तो डोळ्याला जवळपास दिसतच नाही, म्हणून पापणी वेळेवर मिटत नाही.

शेड बदलली नाही. प्रत्येक सेट पॅक करायच्या आधी भर दुपारी, सगळे माग चालू असताना, फरशीवर पुठ्ठा ठेवतो. निळा दिसला तरच खोक्याला पट्टी लागते.