काप्पा पकडायचा परवाना

तोनोमध्ये काप्पा नावाचं पाण्यातलं भूत पकडायला परवाना लागतो. थट्टा नाही, तिथली पर्यटन संघटना तो रीतसर विकते आणि सोबत नियमही छापून देते. काप्पा जिवंत धरायचा, त्याच्या डोक्यावरच्या खळग्यातलं पाणी सांडू द्यायचं नाही, धातूचं काही वापरायचं नाही, आमिष म्हणून ताजी भाजीच. मी लगेच घेतला!

तोनो हे ईशान्य जपानातल्या इवाते प्रांतातलं, डोंगरांच्या कुशीतलं छोटं शहर. शिन-हानामाकीपर्यंत शिनकान्सेन, पुढे कामाइशी मार्गाची संथ गाडी. स्टेशनाबाहेरची पोलीस चौकीसुद्धा काप्पाच्या तोंडासारखी बांधलेली.

काप्पा म्हणजे आपल्या कोकणातल्या गिऱ्ह्याचा लांबचा भाऊ. घोडे, माणसं पाण्यात ओढतो, काकडीवर जीव टाकतो. इतरत्र तो हिरवा, तोनोत मात्र लालबुंद. जोकेन्जी मंदिरामागच्या ज्या डोहात तो राहतो म्हणतात, तिथे झाडांची गर्द सावली, नितळ पाणी आणि काठावर बांबूच्या गळांना लटकवलेल्या काकड्या. मंदिराला आग लागली तेव्हा डोक्यावरचं पाणी ओतून काप्पाने ती विझवली, अशी कथा आहे. म्हणून आवारातल्या दगडी राखणदार कुत्र्याच्या टाळूवरही खळगा कोरलाय. मी वाकून पाहिलं तर आत पाणी आणि त्यात कुणीतरी टाकलेली नाणी.

इथवर सगळं गोडच. पण १९१० साली लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी सासाकी किझेन या इथल्याच तरुणाकडून ऐकून ११९ कथा छापल्या, त्यातला काप्पा असा गोंडस नाही. एका घरात बाईला काप्पाचं मूल होतं, आणि घरचे त्याचे तुकडे करून पुरून टाकतात. तोनोने दुष्काळ फार सोसले. जवळच्या डोंगरात भूकबळींसाठी दगडांवर कोरलेले अर्हत, म्हणजे बुद्धाचे मुक्त शिष्य, आजही शेवाळाखाली दिसतात. पोसवत नाहीत म्हणून नदीत सोडलेल्या पोरांचाच काप्पा झाला, असं मानणारे बरेच आहेत. हे कळल्यावर दुकानातले हसरे काप्पा विकत घ्यावेसे वाटेनात.

वेळ कमी असेल तर दुकानं सोडा आणि डोहापासून चालत जाता येईल अशा देन्शोएन या जुन्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयाला जा. तिथे जुन्या शेतकरी घरातून एक अरुंद बोळ ओशिरा-सामाच्या खोलीत जातो. शेतकऱ्याच्या मुलीचा घोड्यावर जीव जडला. बापाने घोड्याला तुतीच्या झाडाला टांगून मारलं, मुंडकं छाटलं, तर मुलगी त्या मुंडक्यासकट आकाशात उडून गेली. तेच जोडपं ओशिरा-सामा, म्हणजे रेशीमकिड्यांचं दैवत झालं. भिंतींना लागून तुतीच्या लाकडाच्या हजारभर बाहुल्या, काहींना घोड्याचं तोंड, काहींना मुलीचं, अंगावर रंगीत कापडांचे थर. कापडावर इच्छा लिहून बाहुलीला नेसवायची पद्धत आहे. मी मराठीतच लिहिलं. घोडा समोरच होता, पण मी मुद्दाम मुलगी शोधली.