कूलरसमोरची मोडी

एप्रिल सुरू झाला की आमच्याकडे कूलरचा जुना वाळा काढून नवा भरतात. त्या दिवसापासून जून संपेपर्यंत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी घराबाहेर पडत नाही. नागपुरात याचं कोणाला नवल वाटत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी दोनला बर्डीच्या बाजारातसुद्धा शुकशुकाट असतो. बाकीचे ऊन लागेल म्हणून घरात थांबतात, माझा मात्र पायच उचलत नाही.

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. २०१९ मध्ये निदान झालं. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं वेष्टण झिजतं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी उघड्या पडलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाहीत. डाव्या डोळ्यासमोर दुधी काच आल्यासारखं होतं, बोटं बधिर होतात, पाय ओढत चालावं लागतं. अंग गार झालं की बहुतेक वेळा सगळं पूर्ववत होतं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवलं होतं, त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. एमआरआय नव्हते तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहायचे. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. नागपूरकराला टब कशाला हवा?

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान होतं. त्या उन्हाळ्यात मी तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटरवर ऑफिसला जात होते. ते आठवलं की पहिली दोन वर्षं रडू यायचं. आता येत नाही, पण दुपार काही सरत नाही. टीव्ही किती बघणार? डोळे दुखतात.

मग छंद शोधले. पहिला क्रोशा. मे महिन्यात मांडीवर लोकरीचा गोळा घ्यायचा हे ज्याला सुचलं, त्याने विदर्भातला उन्हाळा पाहिलेला नसावा. शिवाय बोटं बधिर झाली की टाक्यांची मोजणी चुकायची आणि संध्याकाळी निम्मं उसवावं लागायचं. पुढच्या वर्षी हजार तुकड्यांचं जिगसॉ आणलं. ते पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेलं होतं आणि घरातले सगळे ताट मांडीवर घेऊन जेवत होते. शेवटी मीच ते डब्यात भरलं. जलरंगांचं तर नावच नको.

यातून एक गोष्ट उशिरा कळली. मला काय जमतं, काय आवडतं हे मी शोधत होते, खरं तर अर्ध्यावर सोडलं तरी काय बिघडत नाही ते बघायला हवं होतं. कारण सोडणं माझ्या हातात नसतं. पंचविसाव्या मिनिटाला डोळा धूसर झाला की उठायचंच. लाईट गेली की तर लगेचच.

मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, घरातच होती. सासऱ्यांच्या आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग होती, तिच्या हिशेबाचं दप्तर लाल कापडात गुंडाळून माळ्यावर पडलेलं. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी खाली यायचं, झटकून परत वर जायचं. ते कोणालाच वाचता येत नव्हतं. मी बाराखडीचं एक छोटं पुस्तक आणलं आणि चैत्रात वळण गिरवायला बसले.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते आपणच ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शाळेत शुद्धलेखनाला छड्या खाल्लेल्या माणसाला हे फार मानवतं. र मात्र छळतो, शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. आठवडाभर मी त्याला प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी समजत होते.

अंक त्या मानाने लवकर हाती लागले. ३। म्हणजे सव्वातीन, ३॥ म्हणजे साडेतीन, ३॥। म्हणजे पावणेचार. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे एक उभी रेघ चार आण्यांची. सासूबाईंना हे तोंडपाठ होतं, मला ते कधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

बसायची पद्धत ठरायला महिना गेला. कूलरसमोर थेट बसलं की पानं उडतात, म्हणून तिरपं बसायचं आणि कागदावर अडकित्ता ठेवायचा. कूलरच्या ओल्या हवेने कागद सर्दावतो आणि शाई फुटते, म्हणून बोरूची हौस पावसाळ्यापर्यंत बाजूला, उन्हाळ्यात पेन्सिलच. मूळ पानं तर तिथे आणायचीच नाहीत. सकाळी सहाला त्यांचे फोटो काढून ठेवते आणि दुपारी टॅबवर एकच ओळ मोठी करून बघते. पाय साध्या पाण्याच्या बादलीत, मानेवर ओला पंचा, हाताशी पन्ह्याचा पेला, वीस मिनिटांचा गजर. गजर झाला की जिथे असेन तिथे पेन्सिलीने टिंब करून आडवं व्हायचं.

"काय करून राहिली वो दिवसभर?" सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून खुर्ची घेऊन शेजारीच बसू लागल्या.

एकदा मात्र घाबरले. मेच्या मध्यावर सलग दोन दिवस दुपारी लाईट गेली. डोळा धूसर झाला तो संध्याकाळी अंग गार होऊनही निवळला नाही. ऊन आणि ताप दोन्ही नसताना नवा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला तर तो एमएसचा खरा अटॅक असू शकतो, तेव्हा वाट न बघता फोन करायचा, हे मला डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं आहे. सकाळपर्यंत मी घड्याळ बघत होते. साडेसहाला कॅलेंडरवरचे बारीक आकडे दिसले. त्यानंतर आठ दिवस मोडीला हात लावला नाही. लावला तेव्हा टिंब तिथेच होतं. क्रोशाचं असं कधी झालं नाही.

वाचलेल्यात थोर असं काही नाही. गाडीभाडं, तोडणीच्या बायांची मजुरी, दोर, गूळ. पण अकराव्या पानावर चैत्रातली एक नोंद आहे, त्यावरून घरात दोन तट पडलेत. शब्द "वाळा" आहे की "वाळे" ते कळत नाही, कारण शेवटच्या अक्षरावर शाईचा डाग आहे. पुढे रक्कम ३॥।. मी म्हणते वाळा, म्हणजे उन्हाळ्यात खिडकीला ओल्या तट्ट्या लावायला घेतला असणार. सासूबाई म्हणतात, "वाळेच ते. माझ्या सासऱ्यांच्या पायातले." त्यांचा जन्म माघातला, चैत्रात पोर पायावर उभंही राहत नाही, असा माझा मुद्दा. त्यावर त्यांचं म्हणणं, "बारशालाच घालतात. तुला काय ठाऊक?"

नवऱ्याने पावणेचार रुपयांत तेव्हा किती चांदी यायची ते शोधतो म्हटलंय. अजून शोधलेलं नाही.

मृग लागला आणि पहिली सर येऊन गेली. लोकांना बरं वाटतं, मला मेपेक्षा हेच दिवस जड जातात. हवेत दमटपणा आला की घाम वाळत नाही आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो. चार दिवसांपूर्वी बैठक आवरली. दप्तर लाल कापडात बांधून कपाटात ठेवलंय, माळ्यावर नाही. पान अकरा, ओळ सहा, डागाच्या अलीकडे पेन्सिलीचं टिंब.